बाबांनी ऐकलेलं गाणं

४ नोव्हेंबर

प्रिय धाकटोबा,

तुझं पत्र मिळायला उशीर झाला. पाकिटावर तुझ्या अंगठ्याची काजळी उमटली होती, त्यामुळे नाट्यगृहाच्या दारवानाला वाटलं कोळशाचं बिल आहे. त्यानं ते व्यवस्थापकाच्या खणात टाकून दिलं. घंटा ओतणाऱ्या माणसानं पत्र लिहिण्याआधी हात धुवावेत, एवढी विनंती आहे.

नवा ऑपेरा सुरू झाला. मी राणी आहे. शेवटच्या अंकात विष घेते आणि मरता मरता इतका वेळ गाते की कोरसमधली मंडळी विंगेत बसून पत्त्यांचा एक डाव उरकतात. लोकांना मात्र आवडतंय. एका साबणवाल्यानं वडीवर माझा चेहरा उठवलाय, म्हणजे आता शहरभर लोक माझ्या नाकानं हात धुतात. तू हसशील म्हणून सांगितलं.

गळा जरा धरलाय. वरचे सूर लागतात, पण मधेच एखादा निसटतो, ओल्या हातातून भांडं निसटावं तसा. मध आणि गरम पाणी चालू आहे. अगदीच अडलं तर माझ्या जागी उभी राहायला एक पोरगी तयार ठेवली आहे. तिला सगळे खार म्हणतात, कारण दोन प्रवेशांच्या मधे ती सतत काहीतरी कुरतडत असते. मी गाताना ती विंगेत उभी राहून माझ्याबरोबर नुसते ओठ हलवते. मला आधी राग यायचा. आता ती दिसली नाही तर चुकल्यासारखं होतं.

बाबांचे डोळे कसे आहेत? माझं नाव न काढता विचारता आलं तर विचार. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस" असं ते मी गाण्यासाठी घर सोडताना म्हणाले, तेव्हा तू खाटेखाली लपला होतास. तुला त्या दिवसाचं फक्त आईचं रडणं आठवतं, असं तू मागे स्टेशनवर भेटलास तेव्हा म्हणाला होतास. मला उंबरा आठवतो.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हात धुऊन लिहितोय. तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "वन्सं राणी झाल्या, मग आपण कोण?" मी माझे हात दाखवले. म्हणाली, "कळलं."

बाबांचे डोळे गेल्यातच जमा आहेत. जन्मभर भट्टीचा जाळ बघत बसल्यावर दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाले. समोर कोणी उभं राहिलं तर काळोखात आणखी थोडा काळोख उभा राहिल्यासारखं दिसतं म्हणे. तरी रोज भिंतीला धरून ओतशाळेत येतात. काल नव्या घंटेवर लाकडी हातोडी मारली, कान लावला आणि म्हणाले, "हिला सर्दी झालीय. वितळवा." मला ती चांगली वाटत होती. पण त्यांच्या कानापुढे बोलायची माझी छाती नाही. पुन्हा ओतली.

पाय सुजतात. हृदय दमलंय, असंही डॉक्टर म्हणाले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला म्हणावं, मी पण दमलोय."

तुझं नाव अजून घरात निघत नाही. पण एक सांगतो. परवा एक व्यापारी घंटेची मागणी घेऊन आला आणि खूश करायला म्हणून तुझ्या चेहऱ्याची ती साबणाची वडी देऊन गेला. बाबांनी वडी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. मग "वास बरा आहे" म्हणून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी वडी जागेवर नव्हती. मी शोधायला लागलो तर ही म्हणाली, "शोधू नका."

तुमच्या शहराच्या नव्या मनोऱ्यासाठी मोठी घंटा आम्हीच ओतली आहे. पुढच्या महिन्यात ती चढवायची. ती टांगल्यावर कशी बोलते ते ऐकायला मी येणारच, असं बाबांनी जाहीर केलंय. तू मनात काही धरू नकोस. मी काही ठरवलेलं नाही.

गळ्याला जप.

तुझा,
धाकटा


११ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही, पण मला आता थांबवत नाही. बाबांनी तुला ऐकलं.

सगळं नीट सांगतो. शनिवारी, सहा तारखेला, घंटा चढवली. बाबा मनोऱ्याखाली टोपी काढून उभे राहिले. घंटा वाजली, विरली, आणि ते म्हणाले, "ठीक." तुला माहीत आहे, त्यांच्या तोंडून 'ठीक' म्हणजे काय ते. मग रस्त्यातच उभे राहिले.

"आता कुठं?"

"गाडी उद्या सकाळची आहे. संध्याकाळ मोकळीच आहे."

"मग?"

मी म्हटलं, "नाट्यगृह इथून जवळ आहे." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "जिने फार आहेत का?"

जिने फार होते. तिकिटं अगदी वरच्या सज्जाची मिळाली. खाली दारात तुझं नाव माझ्या उंचीच्या अक्षरांत लावलेलं होतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही, पण बाबा भिंतीपाशी थांबले आणि त्या कागदावरून हात फिरवत पुढे गेले. प्रत्येक वळणावर दम खात होते. आम्ही वर पोचलो तोवर दिवे मंद झाले होते आणि वाद्यं सुरू झाली होती. कोणीतरी आधी पडद्यापुढे येऊन काही बोललं होतं म्हणे, ते चुकलंच. शेजारच्या बाई आमच्यावर चुकचुकल्या.

तिथून तू मला अंगठ्याएवढी दिसत होतीस. मुकुट, लाल झगा, बस. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तू गायला लागलीस आणि ती बोटं आवळली गेली. मला वाटलं, उठतात आता. उठले नाहीत. दुसरं गाणं चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आईचाच आवाज आहे रे तुझ्या. खाली थोडा घोगरा, वर गेला की स्वच्छ."

आणि शेवटी, ताई, बाबा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मघाच्या त्याच चुकचुकणाऱ्या बाईंनी आपला रुमाल दिला. मीही रडत होतो, पण मला कोणी रुमाल दिला नाही.

मी म्हटलं, मागच्या दारानं जाऊन भेटू. म्हणाले, "नको. दमली असेल." परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेवर बोटांनी हलकेच टिचक्या मारत होते. मग म्हणाले, "तिला लिही. घरी ये म्हणावं. ते शेवटचं गाणं माझ्या खोलीत एकदा म्हण म्हणावं. मग मी मोकळा."

इतक्या वर्षांत त्यांनी तुला 'ती' सुद्धा म्हटलं नव्हतं. ये. लवकर ये.

तुझा,
धाकटा


२० डिसेंबर

प्रिय धाकटोबा,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बरं झालं, तू त्यांना आणलंस. जिने चढवून आणलंस.

सहा तारीखच ना? शनिवार? मला जरा नक्की कळव. आणि ते काय म्हणाले, 'आईचाच आवाज', की 'आईसारखा आवाज'? अगदी त्यांचे शब्द लिही.

बाबांना सांग, येते. मोसम चालू आहे, मधेच निघता येत नाही. पण येते म्हणावं.

इथं सगळं ठीक आहे.

तुझी,
ताई


२० डिसेंबर

खारे,

तुझी खोली माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक मारायला आता गळा नाही, म्हणून लिहिते.

तुला बाहेरून थोडंफार कळलं असेलच. खरं काय ते माझ्याकडून ऐक. पाच तारखेला डॉक्टरांनी घशात आरसा घालून स्वरतंतूंवरची गाठ कापली. गाठ गेली, तिच्याबरोबर तंतूही गेला. पुढे कधीतरी कुजबुजता येईल. गाणं नाही. व्यवस्थापकांनी हे कुणाला सांगू नकोस म्हटलंय. दारावर माझं नाव ठेवायचं आणि रोज संध्याकाळी पडद्यापुढे येऊन 'आजच्यापुरती प्रकृती बरी नाही' असं सांगायचं, म्हणजे तिकिटं खपतात.

सहा तारखेला तू पहिल्यांदा माझा झगा घालून उभी राहिलीस. मी खाटेवर होते. त्या दिवशी अगदी वरच्या सज्जात माझे वडील बसले होते.

मी घर सोडलं तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांना दिसत नाही. घोषणा व्हायच्या आत ते वर पोचले नाहीत. माझा भाऊ बरोबर होता, पण त्यानंही मला लहानपणानंतर गाताना ऐकलेलं नाही. ते तुझं गाणं ऐकून रडले आणि त्यांनी मला माफ केलं. म्हणजे तुला केलं. आता म्हणतात, घरी येऊन तेच गाणं एकदा म्हण.

मी तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही, उलट तुला घालूनपाडूनच बोलले आहे. आज मागते. माझ्याबरोबर चल. त्यांच्या खोलीत शेवटच्या अंकातलं ते गाणं म्हण. मी बाजूला उभी राहीन.

उत्तर लिहूनच दे. तू समोर आलीस तर मला रडू येईल, आणि डॉक्टरांनी रडायचीही बंदी केली आहे.


२२ डिसेंबर

आदरणीय बाई,

तुमचं पत्र जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसून राहिले. घरमालकीण मला ओलांडून गेली.

तुमच्या आवाजाचं वाचून मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. विंगेत उभी राहून मी तुमच्याबरोबर ओठ हलवत होते ते तुमची जागा मिळावी म्हणून नाही. तुम्ही गाताना गप्प उभं राहणं मला जमायचंच नाही.

पण मी येणार नाही. रागावू नका. तुमचा झगा घालून उभी राहिले तेव्हा लोकांना सांगितलेलं होतं की ही ती नाही. तुमच्या वडिलांच्या खोलीत पडद्यापुढे येऊन कोण सांगणार? मी अनाथाश्रमात वाढले. आजपर्यंत कुणाला 'बाबा' म्हटलेलं नाही. पहिल्यांदा म्हणायचं, आणि तेही खोटं?

त्यांना खरं सांगा, बाई. आवाज गेला तरी मुलगी मुलगीच असते. निदान मला तरी तसं वाटतं, पण मला काय कळतं म्हणा.

तुमची,
खार


९ जानेवारी

प्रिय ताई,

मी तुझ्या प्रश्नांची उत्तरं पाठवली होती. त्यावर तुझी एक ओळही नाही. सहा तारीखच होती आणि 'आईचाच' म्हणाले, हे पुन्हा लिहितो.

बाबांना आता आडवं होता येत नाही. आडवं झालं की श्वास कोंडतो. खुर्चीत उशा लावून बसवतो. पाय सुजून खांब झालेत. ओतशाळेत येणं बंद झालं, तेव्हाच मी काय ते समजलो. रस्त्यानं गाडी गेली की मान वळवतात. "आली?" मी म्हणतो, मोसम चालू आहे. काल म्हणाले, "राणीला रजा नसते होय?" हसून म्हणाले, पण मला तिथं थांबवेना.

सोमवारी मला घंटा घेऊन डोंगरापलीकडच्या गावी जायचंय. वाट बर्फाची आहे, आठवडा मोडेल. दुसरं कोणी चढवू शकत नाही, नाहीतर गेलोच नसतो. मी नसलो तरी ही घरात आहे. तू ये.

मला तुझा राग येतोय, ताई. इतकी वर्षं मी तुझी बाजू घेतली. आता ते बोलावतायत आणि तू येत नाहीस. याला मी काय म्हणू?

धाकटा


११ जानेवारी

खारे,

भावाचं पत्र सोबत ठेवलंय. तुला गळ घालत नाही. तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी सोमवारी सकाळच्या गाडीनं एकटीच जाते आणि माझ्या भावजयीच्या तोंडून त्यांना खरं सांगते. काय होईल ते होईल.

झगा तुला लांब होतो. शिंप्याला सांगून तळाशी दुमडून घे, नाहीतर विषाच्या प्रवेशात पाय अडकून खरीच पडशील.


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बाबा गेले ते तुला तारेनं कळवलंच होतं. तू आली नाहीस. नाट्यगृहाकडून उत्तर आलं की तू इस्पितळात आहेस. कशासाठी, ते कोणी लिहिलं नाही.

मी डोंगरापलीकडून परत आलो तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले होते. माझी पावलं ऐकूनच म्हणाले, "आली होती. इथं बसली होती. गायली." मग मला परत परत तेच. कशी गायली, कुठं थांबली, हात किती गार होते. "प्रवासात हातमोजे घालत नाही अजून," म्हणाले. त्या दिवसांत ते पोटभर जेवले, सूज असूनही शांत झोपले. दूधवाल्याला, डॉक्टरांना, जो येईल त्याला सांगायचे, माझी मुलगी येऊन गेली. शेवटच्या सकाळी मी पाणी पाजत होतो. म्हणाले, "घरात गाणं झालं. बरं झालं." थोड्या वेळानं मान कलली.

मी तुझे आभार मानायला पत्र लिहायला बसलो होतो. मागचं पत्र रागाचं होतं, त्याची माफीही मागणार होतो. तर ही माझ्यासमोर येऊन बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "माझ्याच्यानं हे पोटात ठेवणं होत नाही. वन्सं त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. गळा मफलरनं गुंडाळलेला होता. त्यांच्याबरोबर एक बारकीशी मुलगी होती. ती गायली. वन्संनी मला हात जोडले, कुणाला सांगू नको म्हणून."

मग त्या शनिवारी कोण गात होतं?

धाकटा


६ फेब्रुवारी

धाकटोबा,

तीच.

माझा गळा डिसेंबरातच कापलाय. तुझं ते आनंदाचं पत्र आलं तेव्हा मी मुकी होऊन खाटेवर पडले होते. तुला खरं लिहायला घेतलं, पण तुझ्या पत्रातला तो रुमाल आठवला आणि लिहवेना. जखम पुन्हा चिघळली म्हणून जानेवारीत इस्पितळात नेलं. तार तिथं मिळाली. ताप इतका होता की मला उभं राहता येत नव्हतं. बाबांना पोचवायलाही मी नव्हते.

आता त्या सोमवारचं सांगते. तुझ्या बायकोवर रागावू नकोस. मी तिला फार कठीण जागी उभं केलं.

खार आधी येणार नाही म्हणाली होती. मीही तिचा नाद सोडून एकटी निघाले. डब्यात चढले तर ती खिडकीशी बसलेली, मांडीवर पावाची पिशवी. म्हणाली, "मी फक्त गाईन. खोटं बोलणार नाही." मी मान हलवली.

बाबांच्या खोलीच्या दारात मी थांबले. ते किती लहान झाले होते रे. त्यांनी पावलं ऐकली. म्हणाले, "आलीस?"

खार गप्प. मी तर गप्पच. तुझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मग बाबाच म्हणाले, "बोलत नाहीस. बरोबर आहे. तेव्हा मीच बोलू दिलं नव्हतं."

खारीनं माझ्याकडे पाहिलं आणि गायला लागली. एवढ्याशा खोलीत, वाद्यांशिवाय, हलक्या आवाजात. मी ते गाणं किती वेळा गायले असेन, पण असं कधी गायले नाही. बाबांनी डोळे मिटले होते.

संपल्यावर त्यांनी हात पुढे केला. "हात दे."

खार मागे सरली. तिनं मला दंडाला धरून पुढे ढकललं. मी गुडघ्यावर बसले आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. लहानपणी वितळलेल्या काशाचा थेंब उडाला होता, त्याचा डाग मनगटावर आहे. त्यांनी तो अंगठ्यानं बरोबर शोधून काढला. म्हणाले, "भट्टीजवळ येऊ नको म्हटलं होतं ना." मग दोन्ही हातांनी चोळत बसले. "हात गार का इतके?"

तेव्हा मला 'बाबा' म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि फाटक्या भात्यातून यावी तशी नुसती हवा आली. ते चमकले. "कोण खोकलं?" तुझी बायको म्हणाली, "मी, बाबा."

मग त्यांनी विचारलं, "घरची आठवण यायची का?" तोंड खारीच्या दिशेला होतं, हात माझा होता. खारीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "यायची. रोज यायची."

"मग पत्र का नाही लिहिलंस मला?"

मी पुन्हा मान हलवली, पण याला मान हलवून काय उत्तर देणार? शेवटी बाबाच म्हणाले, "मी फाडून टाकलं असतं, हे खरं." आणि हसले. म्हणाले, "तू गेलीस ते गेलीस. तुझ्यामागे आईनं घरात गुणगुणणंही सोडलं. मला त्याचा राग होता. तुझ्या गाण्याचा नव्हता." थोड्या वेळानं म्हणाले, "जा आता. गळ्याला ताण नको. लोक वाट बघत असतील."

निघताना खार त्यांच्यापाशी वाकली आणि म्हणाली, "येते, बाबा." तिला कोणी सांगितलं नव्हतं. गाडीत तिनं पिशवीतल्या पावाला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, तुम्ही मान हलवलीत ते मी मोठ्यानं म्हटलं. पण शेवटचं माझं होतं."

बाबा समाधानानं गेले, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यात माझा आनंद असायला हवा, आणि आहे. पण तुला सांगते, माझा आवाज आईसारखा कधीच नव्हता. आईच म्हणायची, हिचा गळा बापाच्या घंटेवर गेलाय, वरपासून खालपर्यंत एकच धातू. तो आवाज त्यांनी ऐकलाच नाही. त्यांना जो आवडला तो माझा नव्हता. माझा ऐकला असता तर रडले असते का, की हातोडी मारल्यासारखं ऐकून 'वितळवा' म्हणाले असते, हे मला आता कोण सांगणार?

दारावरचं नाव काल बदललं. व्यवस्थापकांना मी राजीनामा लिहून दिला. खारीचं खरं नाव इतकं लांब आहे की रंगाऱ्याला दोन ओळी कराव्या लागल्या. मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघितलं.

तू रागावला असशील. तुला फसवायचं नव्हतं, तरी तू फसलासच. घरी ये म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तरी समजेन.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हिच्याशीही बोललो नाही. ओतशाळेत जाऊन बसलो. भट्टी विझलेली होती.

राग आला, हे खोटं कशाला सांगू? मी त्यांना हाताला धरून ते जिने चढवले होते. अंगठ्याएवढ्या एका अनोळखी मुलीकडे बघून मी मनात म्हणत होतो, ही माझी ताई. शेजारच्या बाईंनाही मी तसं सांगितलं होतं. त्यांना खरं माहीत असणार, घोषणा त्यांनी ऐकली होती. तरी त्या काही बोलल्या नाहीत. रुमाल त्यांनी बहुधा म्हणूनच दिला.

मग राग ओसरला आणि दुसरंच काहीतरी वर आलं. बाबांनी तुझा आवाज ऐकला नाही, असं तू लिहितेस. त्यांनी तुझं पाळण्यातलं रडणं ऐकलंय, तू अंगणात ओरडत पळायचीस ते ऐकलंय, पहिलं गाणं ऐकलंय, आवडो न आवडो. मी खाटेखाली होतो तेव्हा केवढासा होतो. मी आठवून आठवून बघतोय, ताई. आईचं रडणं आठवतं, दार लागल्याचं आठवतं. तू गात होतीस त्यातलं काही आठवत नाही. सगळ्या शहरानं तुला ऐकलं. तुझ्या चेहऱ्याच्या साबणानं हात धुणाऱ्यांनी ऐकलं. मी तुझा भाऊ, आणि मी तुला कधी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी जाऊ, मोसमात जाऊ, असं म्हणत राहिलो. आता काय ऐकणार?

घरी ये. बाबांच्या खोलीत तुझी खाट टाकून घेतली आहे. हिनं पडदे धुतलेत. बोलायचं असलं तर तुझ्यासाठी पाटी आणून ठेवलीय, आणि कुजबुज जमायला लागली की मी जवळ येऊन बसेन. जे काय निघेल ते निघू दे. मला तेवढंही ऐकायचंय.

तुझा,
धाकटा